स्टिंगर हुकची स्पे फ्लाय: आधी लूप, मग पिसं

चुलबंदकाठ

राम राम मंडळी.

स्टीलहेड आणि सॅमन या माशांसाठी स्पे फ्लाय (लांब मऊ पिसं बांधून केलेलं नकली आमिष) बांधताना मागचा लोंबता हुक, म्हणजे स्टिंगर, कसा बसवायचा यावर इथं तुकड्यातुकड्यानं बरंच बोलणं झालं आहे. सगळं एका जागी असावं म्हणून ही चर्चा. सिॲटल-व्हँकुव्हरकडच्या आपल्या माणसांसाठी इथं गावात बसून बांधायचं तर निम्मा वेळ सामान शोधण्यात जातो. त्यामुळं जिथं जमेल तिथं आपल्या बाजारातली वस्तू सांगतो.

स्टिंगर कशाला, ते आधी. सॅमन नदीत परतला की खाणं जवळजवळ सोडतो. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट, तोही फार खात नाही. फ्लायवर येतात ते चिडून किंवा जुन्या सवयीनं, आणि पुष्कळदा नुसता शेपटाकडून चावा घेतात. हुक पुढं असेल तर हाताला झटका लागतो, मासा लागत नाही. याहून मोठं कारण तरफेचं आहे. लांब दांडीचा मोठा हुक जबड्यात अडकला की दांडी तरफेसारखी काम करते. मासा डोकं झटकतो तसं भोक रुंदावतं आणि हुक निसटतो. आखूड दांडीचा हुक दोरीवर मोकळा फिरतो, माशाला रेटायला काही सापडतच नाही. शिवाय टोक बोथट झालं तर हुक तेवढा बदलायचा, फ्लाय तीच राहते.

बहुतेक जण आधी फ्लाय बांधतात आणि लूप, म्हणजे हुक अडकवायचा दोरीचा फास, शेवटी कसाबसा चिकटवतात. माझ्या मते सगळी गडबड इथंच होते. लूप किती लांब, यावरून हुक कुठं लटकणार हे ठरतं. हुक कुठं, यावरून पिसाचा तंतू किती लांब हवा हे ठरतं. म्हणून पहिलं काम लूप.

एका फ्लायला लागणारं सामान: दोन्हीकडं डोळे (भोकं) असलेली ४० मिमीची शँक, म्हणजे फ्लाय जिच्यावर बांधतात ती तारेची दांडी, ३० पौंडी (३० पौंड ताण सोसणारी) फायरलाइन, म्हणजे जरा ताठ वेणीची मासेमारी दोरी, १६ सेमी, वर वळलेल्या डोळ्याचा आखूड ऑक्टोपस हुक नंबर ४ (गढूळ किंवा मोठ्या पाण्याला नंबर २), अंगासाठी १४० डेनियरचा दोरा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप), डोक्यासाठी ७० डेनियरचा. शँक घरी करायची तर ०.९ ते १ मिमीची स्टेनलेस तार घ्या. सायकलचा आरा घेऊ नका. तो २ मिमीचा असतो, फ्लाय काठीसारखी ताठ होते आणि डोकं बेढब दिसतं. डोळा वळवल्यावर तारेचं टोक ८ ते १० मिमी मागं दांडीला लागून आलं पाहिजे आणि कानशीनं गोल झालं पाहिजे. तिथं धार राहिली तर ती लूपही कापते आणि लीडरही, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांमधला बारीक दोरा.

आता बांधणी. शँकवर दोऱ्याचा सलग थर द्या, उघडं पोलाद कुठंही ठेवू नका, कारण गुळगुळीत तारेवर लूप सरकतो. फायरलाइन दुमडा आणि दुमडलेला भाग शँकच्या मागच्या डोळ्यातून मागं काढा. बाहेर किती ठेवायचा? हुकची पूर्ण लांबी अधिक ४-५ मिमी. नंबर ४ ला साधारण २० ते २२ मिमी येतं. याहून आखूड ठेवला तर लूप हुकच्या बाकावरून, म्हणजे वळणावरून, ओलांडत नाही आणि हुक बदलता येत नाही.

दोन्ही पदर शँकच्या दोन बाजूंना, एक डावीकडं एक उजवीकडं, एकमेकांवर न चढवता ठेवा आणि घट्ट वेढ्यांनी पुढं या. पुढच्या डोळ्यापाशी आलात की दोन्ही टोकं डोळ्यातून खाली काढा, शँकच्या पोटाखालून मागं वळवा आणि उरलेले दीड-दोन सेमी पुन्हा बांधा. ही मागं वळवलेली घडीच खरा आधार आहे. नुसते वेढे आणि फेविक्विक यांच्या भरवशावर राहिलेला लूप थंड पाण्यात तासभर ताण बसला की मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकत जातो.

त्यावर फेविक्विकचा पातळ हात. इथं फेविकॉल चालत नाही, पाण्यात मऊ पडतो. फेविक्विक मागच्या डोळ्याच्या अलीकडंच थांबलं पाहिजे. लूपच्या मोकळ्या भागात झिरपलं तर दोरी तिथं काचेसारखी कडक होते आणि कडक-मऊच्या शिवेवर तुटते.

सुकल्यावर ओढून बघा. सामान तोलायचा लटकता काटा मिळतो, त्याला लूप अडकवा आणि ६ किलोपर्यंत ताणा. टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, १२ पौंडी असेल तर ते साडेपाच किलोच्या आसपास तुटतं. लूप त्याच्याहून मजबूत हवा. तुटायचंच असेल तर टिपेट तुटावं.

बाकी अंग, पिसं, पंख खाली लिहितो. तोवर कुणाला लूपबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा.

वऱ्हाडी_गरी

चुलबंदभाऊ, लय कामाचं लिहिलं. एक सांगा, फायरलाइन आमच्याकडे तालुक्याले भेटत नाही. साधी ब्रेड, म्हणजे वेणीची दोरी, भेटते, ५० पौंडी. आन ते प्लास्टिक चढवलेली बारीक तार भेटते. यातलं काय घ्या लागते?

चुलबंदकाठ

दोन्ही चालतात दादा, पण दोन्हींचे दोष वेगवेगळे आहेत.

ब्रेड मऊ असते. ओली झाली की हुक खाली लोंबतो, फेकताना उलटा फिरून पिसांत अडकतो, आणि मग फ्लाय आडवी पोहते. उपाय सोपा आहे. घरातल्या वायरिंगच्या बारीक तारेचं प्लास्टिक आवरण सोला, त्याचा ६-७ मिमीचा तुकडा लूपवर ओवा आणि हुक बसवल्यावर तो हुकच्या डोळ्यावर सरकवा. हुक सरळ राहतो, आणि मासा लागला की जोर आला तसा आवरण सोडून मोकळा फिरतो.

तार ताठ राहते, हुक अगदी जागच्या जागी. पण एक चांगला मासा लढून गेला की तिला मुरड पडते. मुरड बोटानं सरळ होते असं वाटतं, पण आतल्या बारीक तारा तुटलेल्या असतात. मुरडलेल्या तारेची फ्लाय पुन्हा पाण्यात घालू नये, तार कापून नवी बांधावी. फायरलाइन या दोन्हींच्या मधली, म्हणून ती पहिली सांगितली.

वऱ्हाडी_गरी

समजलं. आन हुकचं टोक वर का खाली?

चुलबंदकाठ

खडकाळ तळाला वर. दगडाला कमी घासतं, धार टिकते. लूप हुकच्या डोळ्यातून कोणत्या बाजूनं घालायचा हे हातात धरून ठरवा. लूप ओढल्यावर हुकची दांडी आणि दोरी एका रेषेत आली तर बरोबर. हुक तिरका उभा राहिला तर काढा आणि दुसऱ्या बाजूनं घाला. वर वळलेल्या डोळ्याच्या हुकला हा फरक लगेच दिसतो.

काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, बांधण्याआधीच पकडीनं दाबून टाका. ब्रिटिश कोलंबियात नद्यांवर एकेरी आणि बिनकाट्याचाच हुक चालतो. वॉशिंग्टन राज्यात नदीगणिक नियम बदलतात, त्यामुळं जो वापरणार त्यानं त्या हंगामाचे नियम वाचून घ्यावेत. बांधणाऱ्यानं बिनकाट्याचा दिला तर कुठंच अडत नाही. आणि दाबताना हुक मोडायचाच असेल तर तो रिकामा असताना मोडावा.

मोहाडी_कोसा

अंगाबद्दल माझ्याकडून. आपल्याकडं मोहाडी-आंधळगाव भागात कोशाचं रेशीम विणतात. न पिळलेला, सुटा कोशाचा धागा फ्लायच्या अंगाला फार सुंदर दिसतो. मात्र रेशीम ओलं झालं की दोन छटा गडद होतं, आणि खालचा दोरा काळा असेल तर आतला काळा रंग वर येतो. कोशाचा मुळातला मधासारखा रंग मग चिखलासारखा दिसतो. म्हणून खाली आधी पांढऱ्या दोऱ्याचा थर, नाहीतर सपाट चंदेरी पट्टीचा थर द्या, त्यावर रेशीम. पट्टीवर घातलं तर ओल्या रेशमातून चमक येते.

बोटं खरखरीत असली तर रेशमाचे केस ओढले जातात. बसण्याआधी हात धुवा आणि बोटांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा.

झळाळीच्या वेढ्यांना, म्हणजे रिबला, साडीच्या काठाची प्लास्टिकची जर चालते. खरी जर काळी पडते, ती नको. वरून उलट्या दिशेनं जी बारीक तार द्यावी लागते तिच्यासाठी मोटार वाइंडिंगवाल्याकडं जा. पंख्याच्या वाइंडिंगची ३६ गेजची तांब्याची तार मागा, जाडी ०.१९ मिमी येते. कापून उरलेले तुकडेसुद्धा पुष्कळ होतात.

चुलबंदकाठ

कोसाभाऊंनी माझं काम हलकं केलं. आता पिसं.

स्पे फ्लायचा जीव लांब, मऊ तंतूंत आहे. पाण्याच्या ओढीत ते उघडतात-मिटतात, आणि स्थिर धरलेली फ्लायही जिवंत वाटते. पण स्टिंगरवर एक बंधन येतं. तंतूचं टोक हुकच्या बाकापर्यंत किंवा फार तर ४-५ मिमी पुढं जावं. बोटभर पुढं गेलं तर ओल्या पिसांची शेपटी हुकच्या बाकात गुंडाळते. एकदा गुंडाळली की ती फेक वाया गेली आणि वर कळतही नाही.

म्हणून पीस शँकच्या पुढच्या अर्ध्या भागावरच गुंडाळा. जुन्या स्पे फ्लायला हॅकल, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पीस, जवळजवळ मागून सुरू करतात, इथं तसं करू नका. मागच्या अर्ध्यात फक्त रेशीम आणि रिब. मध्यावर लोकरीची किंवा डबिंगची (दोऱ्यावर पिळायच्या सुट्या तंतूंची) घट्ट गोळी करा, हरभऱ्याच्या निम्म्या आकाराची. हॅकलचा पहिला वेढा तिला टेकून पुढच्या बाजूनं येऊ द्या. गोळी नसेल तर पाण्यात सगळे तंतू अंगाला चिकटतात आणि फ्लाय काडीसारखी दिसते. गोळी असली की तंतू आधी बाहेर उघडतात, मग मागं वळतात.

पीस टोकाकडून बांधा. एका बाजूचे तंतू सोला. कोणत्या बाजूचे? चकचकीत बाजू पुढं ठेवून एक वेढा मारून बघा. उरलेले तंतू मागं झुकत असतील तर बरोबर, पुढं येत असतील तर दुसरी बाजू सोलायची होती. वेढे चार, फार तर पाच. मग तांब्याची तार उलट्या दिशेनं पिसाच्या दांडीवरून न्या. तार जाताना सुईनं तंतू बाजूला करत राहा, नाहीतर निम्मे तंतू तारेखाली दाबले जातील. ही तार नसेल तर पहिल्याच माशाचा दात दांडीला लागतो आणि हॅकल उलगडून हातात येतं.

कमी पिसं घालायची भीती नवख्यांना फार असते. कोरडी फ्लाय विरळ दिसली पाहिजे. बादलीत बुडवल्यावर तिच्यातून अंग दिसत नसेल तर दोन वेढे जास्त झालेत. जाड फ्लाय पाण्यावर तरंगत येते, बुडत नाही, आणि फेकताना पाणी धरून जड होते.

पिसारा

पिसांच्या मिळकतीचं मी लिहिते.

ब्रॉयलरची पिसं गोळा करण्यात वेळ घालवू नका. ती कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते, तोवर हवी ती पिसं उगवलेलीच नसतात. पाहिजे तो पूर्ण वाढलेला गावरान कोंबडा. आठवडी बाजारात कोंबडा कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा. गरम पाण्यात बुडवण्याआधी पिसं उपटून द्यायला सांगा. एकदा उकळत्या पाण्यात गेली की तंतू वाकडे होतात. पाठीवरची अरुंद, चकचकीत, ताठ पिसं इथं कामाची नाहीत. पाठ संपून शेपूट सुरू होतं तिथली रुंद, मऊ, दांडीजवळ लवदार पिसं घ्या. तिकडं त्यांना श्लॅपेन म्हणतात.

काळ्या फ्लायला कडकनाथ उत्तम. रंगवायची गरज नाही, उन्हात धरला की हिरवट झाक येते, आणि पाण्यात ती झाक टिकते. ठिपक्यांच्या गळपट्टीला, म्हणजे पुढच्या कॉलरला, गिनी फाउलचं पीस. त्याचा एकच वेढा पुरतो.

धुणं: भांडी घासायचा द्रव साबण, कोमट पाणी, दोनदा. मग टाकणखाराच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. पावसाळ्यात किडा लागतो तो एकट्या पिशवीत थांबत नाही, सगळा डबा खातो. नवीन पिसं घट्ट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, बाहेर काढून दोन दिवस ठेवा, पुन्हा चार दिवस आत. डांबरगोळी ठेवली तर डबा उघडताना दार-खिडकी उघडी ठेवा.

रंग: लोकर-रेशमाचा आम्ल रंग आणि व्हिनेगर. पाणी वाफाळतं असावं, उकळतं नको. उकळी आली की तंतू आखडतात. आपल्या पळसाच्या फुलांनी तुरटी घालून पिवळा ते फिका केशरी येतो, स्वच्छ पाण्यातल्या फ्लायला छान दिसतो. पण स्टीलहेडवाल्यांना जो भडक नारिंगी किंवा गुलाबी हवा असतो तो पळसातून येत नाही, आणि पळसाचा रंग उन्हात उतरतो. भडक रंगाला आम्ल रंगच लागतो.

आणि हे सगळ्यांनी नीट वाचावं. जुन्या पाककृतींत बगळ्याचं पीस आणि जंगल कॉक असं लिहिलेलं असतं. जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा. तो, राखी बगळा, नीलकंठ, कोणताही रानपक्षी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. रानात मेलेला सापडला तरी त्याची पिसं घ्यायची नाहीत. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात चालतं, पण परदेशी पाठवायला बंदी आहे. त्यामुळं परदेशी जाणाऱ्या फ्लायत मोराचा एक तंतूही नको. अमेरिकेतही बगळ्याला १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे. कोंबडा, बदक, गिनी फाउल एवढ्यात सगळं भागतं.

चुलबंदकाठ

पिसाराताई, तंतूच्या लांबीचं काय? ४० मिमी शँकला मध्यापासून हुकच्या बाकापर्यंत पाच सेमीच्या आसपास तंतू लागतो. गावरान कोंबड्याचा तेवढा मिळणं कठीण.

पिसारा

बरोबर आहे, बहुतेक पिसांत चार सेमीच्या आतच मिळतो. दोन वाटा आहेत. शँक २५ मिमीची घ्या, मग हेच पीस पुरतं, आणि उन्हाळी कमी पाण्याला ती लहान फ्लायच बरी. नाहीतर टर्कीचं माराबू, म्हणजे लांब लवदार पीस, मागवा. आधी गोळीला टेकून कोंबड्याचे दोन वेढे द्या आणि त्याच्या पुढं माराबू टोकाकडून दोन वेढे गुंडाळा. लांबी माराबू देतं, आणि कोंबड्याचं जरा ताठ पीस त्याला मागून मिटू देत नाही. नुसतं माराबू मात्र नको. वेगाच्या पाण्यात ते मिटून जातं.

जुनी_पक्कड

मंडळी, चर्चा चांगली चालली आहे. फक्त एक आग्रह धरतो: जिला स्पे फ्लाय म्हणता तिची मूळ ठेवण सुटू देऊ नका.

या फ्लाय स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. ए. ई. नॉक्स यांच्या १८७२ च्या पुस्तकात त्या काळच्या पाककृती सापडतात. मूळ हॅकल बगळ्याचं किंवा त्यासाठी पाळलेल्या स्पे कॉक कोंबड्याच्या शेपटाजवळचं. म्हणजे ताईंनी सांगितलेलं गावरान कोंबड्याचं पीस परंपरेला सोडून नाही, उलट जवळचं आहे. लेडी कॅरोलाइन ही सर्वांत प्रसिद्ध. अंग एक भाग ऑलिव्ह हिरवी आणि दोन भाग फिकी तपकिरी लोकर मिसळून, राखाडी हॅकल, वर ब्राँझ मॅलार्डचे, म्हणजे नर मॅलार्ड बदकाच्या तपकिरी पिसांचे, पंख, रंगांत कुठंही भडकपणा नाही. वॉशिंग्टनच्या फोर्क्स गावातल्या सिड ग्लासो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हीच ठेवण भडक नारिंगी रंगात स्टीलहेडसाठी आणली. शँक आणि लोंबता हुक हे पुढचं पाऊल, १९९० च्या दशकातलं, एड वॉर्ड आणि त्यांच्या सोबत्यांच्या इंट्रूडर नावाच्या फ्लायमुळं रूढ झालेलं. स्टिंगर स्पे म्हणजे या दोन घराण्यांची जोड.

माझा मुद्दा पंखांचा. ब्राँझ मॅलार्डचे पंख अंगावर पालथ्या नावेसारखे बसतात, दोन्ही कडा अंगाला धरून. इंट्रूडरच्या सवयीनं हल्ली पुष्कळ जण पंख उभे ठेवतात. ती मग स्पे राहत नाही, आणि पोहायलाही वाईट, कारण उभा पंख प्रवाहात फ्लायला कलंडवतो.

चुलबंदकाठ

काका, पूर्ण सहमत. पंख बसवायची रीत तुम्हीच लिहा ना.

जुनी_पक्कड

एकाच नराच्या डाव्या आणि उजव्या पिसातून सारख्या रुंदीच्या पट्ट्या घ्या, बोटाच्या पेराच्या निम्म्या. एका वेळी एकच पंख बांधा. दोन्ही एकदम बांधायला गेलात की पट्टी फाटते. दोरा ७० डेनियरचा, त्यावर मेणाचा हलका हात. पट्टी अंगाच्या आपल्याकडच्या बाजूला, वरची कड मध्यरेषेच्या जरा पलीकडं, आणि दोन सैल वेढे घेऊन सरळ खाली ओढा. दोरा पट्टीला आपल्यासोबत फिरवून नेतो, त्यासाठी बोटानं पलीकडून आधार द्या. लांबी शँकच्या शेवटापर्यंत, हुकपर्यंत नाही. पंख हुकपर्यंत नेला तर त्याच्या ताठ कडा लूपला घासतात.

पट्टीच्या मुळाखालची जागा सपाट हवी. हॅकल संपतं तिथं उंचवटा राहिला की पंख उभाच राहतो, कितीही घट्ट बांधा. आधी चार-पाच सपाट वेढ्यांनी उतार करून घ्या.

मॅलार्ड इकडं मिळत नाही. देशी बदकाच्या छातीची रेघोट्यांची पिसं कडक चहात बुडवून तपकिरी होतात. रंग जवळ येतो, पण तंतू एकमेकांना तेवढे धरत नाहीत, म्हणून पट्टी जरा रुंद घ्या.

लाखांदूर_०७

नमस्कार. सगळं वाचून तशीच बांधली. नहरात ओढून पाहिली तर फ्लाय गोल गोल फिरते आणि टिपेटला पीळ पडतो. कशामुळं?

चुलबंदकाठ

फिरण्याची कारणं तीन-चारच असतात, क्रमानं बघा भाऊ.

हुक काढा आणि नुसती फ्लाय ओढा. फिरणं थांबलं तर दोष लूपमध्ये. लूपचे पदर एकमेकांवर चढले असतील आणि हुक एका बाजूला कललेला असेल. अशा वेळी लूप कापून नवा बांधणं एवढाच मार्ग, पीळ देऊन सरळ केलेला परत कलतो.

हुक काढूनही फिरत असेल तर वरून बघा. एक पंख दुसऱ्यापेक्षा लांब किंवा तिरका असेल तर फ्लाय त्या बाजूला वळते. पंख कात्रीनं कापून टाका आणि पुन्हा ओढा, लगेच कळेल. तेही नसेल तर शँकच वाकडी आहे. घरी केलेल्या शँकला हे हमखास होतं. सपाट काचेवर ठेवून बघा, दोन्ही डोळे एका रेषेत पाहिजेत.

चाचणी करताना बांबूच्या टोकाला दीड मीटर दोरी बांधा आणि नहराच्या सरळ, वाहत्या भागात फ्लाय नुसती धरून ठेवा. ओढू नका. हाताच्या ओढीचा वेग प्रवाहापेक्षा जास्त होतो आणि चांगली फ्लायही फिरते. खरी मासेमारी करताना फ्लाय प्रवाहाला तिरकी खाली फेकून ताणलेल्या दोरीवर आडवी फिरू देतात, तिला कुणी ओढत नाही.

जुनी_पक्कड

एक जोडतो. डोळ्यांचं वजन, म्हणजे डंबेल आय, लावलं असेल तर ते शँकला फुलीच्या वेढ्यांनी काटकोनात बसलंय का ते बघा. किंचित तिरकं असलं तरी फ्लाय फिरते. स्पेला वजन लावूच नये असं माझं मत. खोली हवी तर दोरीला बुडणारी टिप लावतात.

लाखांदूर_०७

लूपच होता काका. उजवा पदर डाव्यावर चढला होता. नवा बांधला, आता सरळ आहे. दुसरं विचारायचं होतं, आमच्याकडं मेमध्ये ४५ अंश जातं. फेविक्विक लावताच पांढरं होतं, डोक्याचं पॉलिश सुरकुततं.

मोहाडी_कोसा

फेविक्विक पांढरं होतं ते जास्त लावल्यानं आणि बंद हवेत वाफ बसल्यानं. टाचणीच्या टोकावर घेऊन लावा. बाटली घट्ट बंद करून, सुकलेल्या तांदळाच्या पुडीसोबत, फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर थंड बाटलीवर पाणी धरतं.

नेलपॉलिशचा जाड थर उन्हाळ्यात वरून सुकतो, आत ओला राहतो, म्हणून सुरकुततं. पातळ तीन थर द्या, दोन थरांत अर्धा तास. आणि ज्यांच्याकडं यूव्ही रेझिन आहे त्यांनी ओसरीत बसून बांधू नये. ऊन आडून आलं तरी बाटलीचं तोंड जाम होतं. मेण मऊ पडतं ते मातीच्या भांड्यात पाण्यात ठेवा.

वऱ्हाडी_गरी

आता आपल्या कामाचं. हेच स्टिंगर मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या मरळीले चालते का? बांधून तर पाहा लागते.

चुलबंदकाठ

चालतं, पण मोजमापं बदला. मरळ शेपटाला चिमटा घेत नाही, पुढून झडप घालून सगळं तोंडात घेते. हुक मागं ठेवला तर तो घशात जातो आणि मासा सोडता येत नाही. तिला लूप अगदी आखूड हवा. हुक आधीच ओवून मग लूप बांधायचा, बदलायची सोय सोडून द्यायची. हुक १/०, टोक वर, लूप ५० पौंडी ब्रेडचा. गवत आणि शिंगाड्याच्या वेलात अडकू नये म्हणून ३० पौंडी नायलॉनचा एक वाकवलेला तुकडा हुकच्या टोकापुढं येईल असा शँकला बांधा. लांब हॅकल मरळीसाठी काही कामाचं नाही, ते आखूड आणि दाट ठेवा म्हणजे पाणी हलतं. शिवडा असलेल्या पाण्यात ब्रेड नको, त्याचे बारीक दात ती कापतात. तिथं तारच.

बहुतेक मामा तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात. संस्थेला विचारल्याशिवाय गरी टाकू नये. आणि पावसाळ्यात मरळ पिलांच्या झुंडीखाली राखण करत असते, तेव्हा तिला अजिबात धरू नका. ती गेली की पिलं दुसरे मासे खाऊन टाकतात.

वऱ्हाडी_गरी

बराबर हाये. आमच्याकडे संस्थेचे लोक विचारलं का हो म्हणतात, न विचारता गेलं का मंग भांडण होते.

पिसारा

शेवटचा प्रश्न माझा. पाठवताना फ्लाय चुरगळून जातात, लूपही वाकतो. कसं बांधून पाठवता?

चुलबंदकाठ

ताई, हुक काढून वेगळ्या कागदात. फ्लाय ओली करून बोटांनी मागं सपाट सारा आणि सुकू द्या, तंतू त्याच ठेवणीत बसतात. मग प्रत्येक फ्लाय उसाच्या रसवाल्याकडच्या जाड स्ट्रॉच्या तुकड्यात, लूपकडून आत सरकवा. डोक्याकडून ढकललं तर पिसं उलटी होतात. स्ट्रॉ लूपपेक्षा सेमीभर लांब हवा म्हणजे लूप दुमडत नाही. डब्यावर आत काय आहे ते लिहा: पाळीव कोंबडा, बदक, गिनी फाउल, रेशीम. सीमाशुल्काच्या कागदावरही तेच शब्द असू द्या.

वापरणाऱ्याला एक चिठ्ठी जरूर टाका, की फायरलाइनचा रंग उडून पदर पांढरे आणि केसाळ दिसू लागले, विशेषतः मागच्या डोळ्यापाशी, की ती फ्लाय बाजूला ठेवायची. लूप बदलायला अख्खी फ्लाय उसवावी लागते. पिसं चांगली असतील तर हॅकल आणि पंख परत वापरता येतात, तांब्याची तार तेवढी नवी.